अण्णांचा फोन कपाटात ठेवला म्हणून घर सेफ झालं का?

पत्र थोडक्यात असं: नाशिकरोडच्या ४४ वर्षांच्या एक ताई घरून पापड, कुरडया, मसाले विकतात, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पैसे यूपीआयवर. सासरे, म्हणजे अण्णा, ७३ वर्षांचे, प्रेसमधून रिटायर झालेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली. ती उघडली तर फोनने दोनचार गोष्टींना 'अलाऊ' करायला लावलं, मग पत्रिका दिसण्यासाठी व्हेरिफिकेशन म्हणून डेबिट कार्डाचे आकडे मागितले, ते त्यांनी भरले, आणि त्या रात्रीत पेन्शनच्या खात्यातून ४८,५०० रुपये गेले. दोन दिवस त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. कळल्यावर ताईंच्या मिस्टरांनी बँकेत जाऊन तोंडी सांगितलं, कार्ड बंद केलं, आणि अण्णांचा स्मार्टफोन काढून घेऊन साधा बटणांचा फोन दिला. मुलगा म्हणतो अँटीव्हायरस टाकला असता तर झालंच नसतं. ताईंनी भीतीने स्वतःचं यूपीआयही बंद केलंय, फक्त रोख घेतात, आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. त्या विचारतात, "सगळ्यात सेफ अ‍ॅप कुठलं ते सांगा. की आमच्यासारख्या न कळणाऱ्यांनी ऑनलाइनच्या नादाला लागूच नये?"

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी तो कपाटातला फोन बाहेर काढा. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की अण्णांना पुण्याच्या नातीचे फोटो बघायचे असतात म्हणून दर रविवारी तेवढ्यापुरता तो घरच्या वायफायवर चालू करून देतो. म्हणजे ज्या अ‍ॅपने हे सगळं केलं ते अजून त्याच्यातच बसलंय आणि आठवड्यातून एकदा त्याला नेट मिळतंय. सिम काढून साध्या फोनमध्ये टाकलंत हे चांगलंच झालं, नवीन ओटीपी आता तिकडे जात नाहीत, पण व्हॉट्सअ‍ॅप तसंच चालू आहे, सगळे कॉन्टॅक्ट आहेत, आणि ही असली अ‍ॅप्स पुष्कळदा तीच पत्रिका त्या माणसाच्या नावाने पुढच्या सगळ्यांना पाठवत राहतात. अण्णांकडेही ती अशीच ओळखीच्या नंबरवरून आली होती ना.

तर वायफाय बंद ठेवून, एअरप्लेन मोडवर टाकूनच तो फोन चालू करा. तो मेसेज, तो नंबर, त्या फाईलचं नाव, सगळ्याचा तुमच्या फोनने फोटो काढून ठेवा. नातीचे फोटो केबल लावून लॅपटॉपवर घ्या, पण फक्त फोटोच घ्या, डाउनलोडचं फोल्डर उचलून आणू नका. मग अण्णांच्या गुगल अकाउंटचा पासवर्ड कोणाला माहीत आहे ते बघा, कारण पूर्ण रिसेट केल्यावर फोन पुष्कळदा तोच अकाउंट परत मागतो आणि आठवला नाही तर फोन तिथेच अडकून बसतो. हे सगळं झालं की फॅक्टरी रिसेट मारा. पोलिसात तक्रार दिली असेल तर पुसायच्या आधी त्यांना एकदा विचारून घ्या. आणि अण्णांचे नेटबँकिंगचे नि ईमेलचे पासवर्ड तुमच्या फोनवरून बदला, त्या फोनवरून नको.

पत्रात १९३० चा कुठे उल्लेख नाही म्हणून विचारते, तिथे फोन केला होता का? ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे सांगितलं की ज्या खात्यात पैसे गेलेत त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. पण चोर काही पैसे एका खात्यात ठेवून वाट बघत बसत नाही, एकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मध्येच कुठेतरी एटीएममधून काढून मोकळा, म्हणून पहिला तास-दोन तास लाखमोलाचे असतात. आता दोन महिने झालेत, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, तरी तक्रार जरूर नोंदवा, १९३० वर नाहीतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर, आणि ती पावती घेऊन नाशिकच्या सायबर पोलीस स्टेशनला जाऊन या.

बँकेतही तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही हो, लेखी अर्ज द्या, तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलंय, त्यात असं आहे की ना बँकेची चूक ना तुमची, असा व्यवहार झाला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही भार नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच भार. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आता अण्णांनी कार्डाचे आकडे स्वतः भरले, त्यामुळे बँक निष्काळजीपणा म्हणणार हे उघड आहे, पण जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेवर टाकलंय, तेव्हा ते त्यांना लेखी म्हणू द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं ते. "ते दोन दिवस काही बोललेच नाहीत, जेवत पण नव्हते नीट." पत्रात तुम्ही सगळा हिशोब मांडलाय, फाईल कशी आली, किती गेले, कोण काय म्हणालं, आणि या वाक्यावर न थांबता पुढे गेलात. मला विचाराल तर खरं नुकसान तिथे आहे. फाईल उघडणं ही दहा सेकंदांची चूक होती, आणि त्यानंतरचे दोन दिवस, ज्यात १९३० ला फोन झाला असता, कदाचित काही पैसे अडवता आले असते, ते अण्णांनी भीतीपोटी घालवले. चोराची भीती नव्हती ती, तुम्हा लोकांची होती. मुलगा ओरडेल, नातू हसेल, म्हातारपणी अक्कल गेली म्हणतील.

आणि मग झालंही तसंच, नाही का? फोन काढून घेतला. मी तुमच्या मिस्टरांना दोष देत नाही, त्यांचाही जीव तुटलाच असणार, एवढी मोठी रक्कम गेली की माणूस काहीतरी ठोस करायला बघतो. पण त्यातून अण्णांना आणि घरातल्या सगळ्यांनाच काय कळलं? की चूक सांगितली की शिक्षा होते. उद्या तुमच्या मुलाकडून काही चुकलं, गेमच्या नादात म्हणा, कुठल्या फालतू लोन अ‍ॅपच्या नादात म्हणा, तर तो सांगेल? आणि अण्णांना त्या साध्या फोनवर कोणी "मी पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कोणाला सांगू नका, लाइनवर थांबा" असं म्हटलं तर? साध्या फोनवर तर हे आरामात होतं, त्याला कुठलं नेट लागतंय. डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार आपल्या कायद्यातच नाही, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे सांगितलंय, तरी माणसं अडकतात, कारण तो पहिल्या मिनिटाला एकच गोष्ट पक्की करून घेतो की हा माणूस घरच्यांना सांगणार नाही.

न कळणाऱ्यांनी यात पडू नये असं तुम्ही म्हणता. ताई, अण्णा प्रेसमधले आहेत. नाशिकरोडची ती करन्सी नोट प्रेस १९२८ ची, तिथे ज्याने आयुष्य काढलं त्या माणसाच्या हातात तुम्ही खोटी नोट देऊन बघा. बोटाला कागद लागताच कळेल त्यांना, उजेडात धरून वॉटरमार्क बघतील, तार बघतील, आणि कोणी कितीही घाई केली तरी बघितल्याशिवाय खिशात घालणार नाहीत. हेच कसब ते. फक्त मेसेजमध्ये कुठे बोट लावायचं आणि कुठे उजेडात धरायचं ते त्यांना कोणी दाखवलेलं नाही, आपण त्यांना फोन घेऊन दिला आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू करून दिलं, बास.

मी गेली बरीच वर्षं बायकांना आणि सिनिअर सिटिझन लोकांना कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं असं माझे विद्यार्थी धरून चालतात. एका पावसाळ्यात संध्याकाळी इंदिरानगरला आमच्याकडे लाइट गेले होते, गॅसवर दूध, आणि मोबाईलवर मेसेज, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज कापली जाईल, या नंबरवर संपर्क करा. बिल मी भरलेलं होतं. तरी मी फोन लावला, कारण घरात अंधार होता आणि मला ते खरं वाटलं. समोरचा माणूस इतका अदबीने बोलत होता, हिंदीतून, म्हणाला मॅडम एक छोटं अ‍ॅप टाका, मी इथून तुमचं बिल अपडेट करून देतो. मी डाउनलोडवर बोट ठेवलेलंसुद्धा होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, मी फोन ठेवला, वाटीत विरजण दिलं, आणि परत येईपर्यंत डोकं ताळ्यावर आलं होतं. ते अ‍ॅप स्क्रीन शेअरिंगचं होतं, म्हणजे माझ्या फोनच्या काचेवर जे जे दिसेल ते सगळं त्याला तिकडे दिसणार, आलेला ओटीपीसुद्धा. माझं ज्ञान त्या संध्याकाळी काही कामाला आलं नाही, काकूंच्या विरजणाने वाचवलं मला. दोन मिनिटं मध्ये गेली म्हणून.

म्हणून कोणी विचारलं ना की सगळ्यात पहिली सवय कुठली, तर मी हेच सांगते, मेसेजमध्ये किंवा फोनवर घाई असेल, भीती असेल किंवा लालूच असेल, तर फोन खाली ठेवायचा आणि उठून काहीतरी दुसरं करायचं. पाणी प्यायचं, गॅलरीत जायचं, कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं. खरं काम दहा मिनिटांनी पळून जात नाही. महावितरण काय, बँक काय, आरटीओ काय, यांचं काही असेल तर त्या मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, बिलावर छापलेला, पासबुकावर छापलेला, कार्डाच्या मागे असलेला नंबर स्वतः काढून लावायचा. गुगलवर कस्टमर केअर शोधून जो नंबर वर येतो तोही नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

आता अण्णांच्या फाईलचं. पत्रिका असेल तर ती फोटो असते नाहीतर पीडीएफ. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असं असणार, तुम्ही फोटो काढाल तेव्हा बघा. एपीके म्हणजे अ‍ॅप बसवायची फाईल, कागद नव्हेच तो, कागदाच्या वेषात घरात शिरलेला माणूस आहे तो. हेच लोक कधी ट्रॅफिकचं चलन म्हणून पाठवतात, कधी बँकेची केवायसी, कधी सरकारी योजनेची यादी. आणि बसवताना फोन अडवतो बरं का, ही अनोळखी ठिकाणची फाईल आहे, बसवू का, असं विचारतो, मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि आपण सगळीकडे 'अलाऊ' दाबायला शिकलेलो असतो कारण त्याशिवाय काही उघडतच नाही. पत्रिकेला आपले एसएमएस कशाला वाचायचेत? टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? हा प्रश्न अण्णांना शिकवा, त्यांना तो लगेच पटेल, प्रेसमध्ये कोणाला कुठल्या दारातून आत सोडायचं आणि कोणाला नाही हे त्यांनी रोज बघितलंय. आणि एपीके शेवटी दिसलं की आईने पाठवलं असलं तरी उघडायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना.

इथेच तुमच्या मुलाच्या अँटीव्हायरसचं उत्तर पण आलं. अँटीव्हायरस वाईट नाही, पण आपण स्वतः दार उघडून, कार्डाचे आकडे हाताने भरून दिल्यावर तो दरवेळी पुरा पडेल असं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट म्हणून गुगलची स्वतःची तपासणी असतेच, ते चालू आहे ना बघा, अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या (तिथेही नाव आणि कंपनी वाचून), आणि सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला आणि ब्राउझरला बंद करून टाका, हे एकच सेटिंग अण्णांच्या केसमध्ये उपयोगी पडलं असतं. लॅपटॉपवर विंडोजचं स्वतःचं संरक्षण घरगुती वापराला पुरतं, अट एकच की अपडेट चालू हवेत. मुलं अपडेट पुढे ढकलतात, मला माहितीये, मध्येच लॅपटॉप बंद होतो म्हणून चिडतात. त्याला सांगा, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, हॉस्पिटलं बंद पडली, आणि त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी घेतला नाही त्यांचं नुकसान झालं. त्याच्याकडे विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ वर जाता येतं का बघायला सांगा. आणि तो अँटीव्हायरस कोणा मित्राकडून क्रॅक केलेला आणणार असेल तर त्याला ठाम नाही म्हणा, क्रॅकमधूनच तर पुष्कळ घाण येते.

पासवर्डबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात लिहिलंय की घरात सगळ्यांचा एकच आहे, आडनाव, ॲटचं चिन्ह आणि १२३. ताई, हे बदलाच. एका कुठल्या साइटवरून यादी फुटली की चोर तोच पासवर्ड दहा ठिकाणी लावून बघतात. कित्येक वर्षं लोकांना सांगितलं गेलं की दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात चिन्हं घाला, आकडे घाला. अमेरिकेत असे नियम ठरवणारी निस्ट म्हणून सरकारी संस्था आहे, तिने २०१७ मध्ये हे मागे घेतलं, कारण माणसं वैतागून १२३ चं १२४ करतात, दुसरं काही नाही. पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, एवढं पुरे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, कढीपत्ता, भोवरा, एसटी, पितळ असं काहीतरी (हेच नको, तुमचे तुम्ही शोधा), लक्षात राहतं आणि फोडायला अवघड. आणि वहीत लिहून ठेवलेत तरी चालेल हो. लोक म्हणतात लिहायचं नाही, पण तुमच्या घरात गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या वहीपर्यंत झारखंडमधला किंवा परदेशातला चोर पोचत नाही, एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर मात्र पोचतो. फक्त यूपीआयचा पिन तेवढा कुठेच लिहायचा नाही.

सगळं एका दिवसात जमणार नाही, तर आधी ईमेलचा बदला. बाकी कुठलाही पासवर्ड विसरलो की तो ईमेलवरच परत मिळतो ना, म्हणजे ज्याच्या हातात ईमेल त्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या. ईमेलला टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री. व्हॉट्सअ‍ॅपलाही सेटिंगमध्ये टू-स्टेप आहे, सहा आकडी पिन ठेवायचा, आणि लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन आपलं नसलेलं काही दिसलं तर तिथून काढून टाकायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा धंदा आहे ताई, ते दुसऱ्याच्या हातात गेलं तर तो तुमच्या गिऱ्हाइकांकडे तुमच्या नावाने पैसे मागेल, म्हणून हे आजच करा.

लिंकचा पत्ता कसा वाचायचा हे एकदा अण्णांना आणि मुलाला दोघांना बसवून दाखवा. आपण टपालाचा पत्ता वाचताना गाव बघतो, ते शेवटी असतं. इथेही सुरुवातीचं https:// सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधी जे शेवटी आहे ते खरं गाव. म्हणजे परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी, पण परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट चलनपे डॉट काहीतरी असं असेल तर ते चलनपेचं गाव आहे, पुढे परिवहन लिहिलंय ते नुसतं पाटीवर. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळे आता तुमच्या बँकेचा पत्ता तसा आहे का बघायचं. कुलपाच्या चिन्हावर भरवसा ठेवू नका, त्याचा अर्थ मधला रस्ता बंदिस्त आहे एवढाच, रस्त्याच्या शेवटी चोराचं घर असलं तरी कुलूप दिसतं. (हे २०२७ च्या सिंहस्थात आपल्याला फार लागणार आहे, प्रयागराजला २०२५ मध्ये तंबू आणि हॉटेल बुकिंगच्या खोट्या साइट निघाल्या होत्या, आणि तुमचे-आमचे बाहेरगावचे पाहुणे आपल्यालाच विचारणार, ही साइट खरी आहे का गं म्हणून.)

आता तुमचं यूपीआय. ते परत चालू करा. मी हे सहज म्हणत नाहीये, तुमची ऑर्डर निम्म्यावर आलीय म्हणजे अण्णांचे ४८,५०० गेले ते गेलेच, वर दर महिन्याला तुम्ही तुमच्या हाताने आणखी घालवताय. भीती वाटते ती कशी कमी करायची, तर गल्ल्याचा हिशोब लावा. दुकानदार गल्ल्यात दिवसाची विक्री ठेवतो, बायकोचे दागिने ठेवत नाही. तसं एक वेगळं खातं फक्त यूपीआयसाठी ठेवा, त्यात पाच-दहा हजारांच्या वर साठलं की बचतीच्या खात्यात टाका, आणि त्या बचतीच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. अण्णांच्या पेन्शनचंही तसंच, मोठी रक्कम एफडीत, आणि कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करून ठेवा, वापर नसेल तर ऑनलाइन व्यवहार बंदच. पेन्शनचं कार्ड कोणाला ऑनलाइन लागतंय?

आणि पैसे यायला पिन लागत नाही. हे मसाल्याच्या डब्यावर चिकटवून ठेवा वाटल्यास. तुमच्यासारख्या घरगुती धंदा करणाऱ्या बायकांना एक फोन हमखास येतो, मी फौजी आहे, देवळालीला पोस्टिंग आहे, कॅन्टीनसाठी पन्नास किलो पापड हवेत, घासाघीस करत नाही, आणि म्हणतो आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी, मी क्यूआर पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका की पैसे जमा होतील. आपल्याकडे आर्टिलरी सेंटर आहे त्यामुळे पटकन खरं वाटतं. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये बघितल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही, ओळखीचा असला तरी. वाईट वाटून घेणार नाही खरा गिऱ्हाईक.

कोणी स्टार ४०१ स्टार असा काही नंबर डायल करायला लावला तर करू नका, त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि ओटीपीचा कॉलही तिकडेच जातो. अण्णांच्या सिमवर असं काही झालंय का याची खात्री म्हणून ##००२# एकदा डायल करून टाका, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं, तेवढं बघून घ्या. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून ठेवता येतं, लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं.

मग अण्णांना फोन परत द्यायचा का? माझं मत विचारलंत तर हो. रिसेट केलेला, ते अनोळखी अ‍ॅपचं सेटिंग बंद केलेला, बँकेचं कुठलंच अ‍ॅप नसलेला. त्यात नातीचे फोटो आणि व्हिडिओ कॉल, त्यांचा प्रेसचा ग्रुप, भजनं, एवढंच राहू दे सुरुवातीला. बँकेच्या ओटीपीचं सिम वाटलं तर साध्या फोनमध्येच राहू दे, ती सोय मला उलट चांगलीच वाटते, दोन गोष्टी दोन वेगळ्या जागी. पण हे त्यांच्याशी बोलून ठरवा, त्यांच्यावर लादून नको. मिस्टर तयार होणार नाहीत कदाचित, तर त्यांना ते दोन दिवसांचं विचारा, बाबा आपल्याला का बोलले नाहीत, आणि पुढच्या वेळी बोलावेत असं वाटत असेल तर आपण काय करायचं. ओरडायचं नाही, आधी १९३०, मग बँक, मग बाकीचं, एवढं घरात सगळ्यांसमोर ठरलं तर पुढच्या वेळी अण्णा दोन दिवस थांबणार नाहीत, पाच मिनिटंही थांबणार नाहीत.

अजून एक राहिलं. ती पत्रिका ज्यांच्या नंबरवरून आली त्या ओळखीच्यांना कोणी सांगितलंय का? त्यांचा फोनही तसाच असणार, त्यांचेही कदाचित पैसे गेले असतील आणि तेही घरात कोणाला बोलले नसतील. तो फोन अण्णांनाच करायला सांगा.